तिसरं उत्तर

"दोनच उत्तरं? तिसरं घाला की एक," शेती अधिकारी विजयसिंह म्हणाले.

गडहिंग्लजजवळच्या त्या साखर कारखान्याच्या शेती ऑफिसात एकाच कॉम्प्युटरवर दोन सॉफ्टवेअर होती. एकात कुणी ऊस कधी लावला त्याची नोंद, दुसऱ्यात तोडीची चिठ्ठी, म्हणजे ऊस तोडायची परवानगी. शेजारी नांदून दोघांची बोलचाल नव्हती. मधला निरोप विजयसिंह पोचवायचे, आणि मनाला येईल तेव्हा पोचवायचे.

कोल्हापूरच्या सॉफ्टवेअर कंपनीतून आलेल्या शिवलीलानं ती बोलचाल सुरू करून दिली होती, अगदी साधी. एखाद्या उसाची पाळी आली की नोंदवालं विचारणार, तोड द्यायची का? चिठ्ठीवालं 'व्हय' म्हणणार, नाहीतर 'न्हाय' आणि त्याचं कारण. उत्तर मिळेपर्यंत नोंदवालं विचारतच राहणार. तेच उत्तर शेतकऱ्याच्या मोबाइलवर जायचं, म्हणून शब्दही तिनं इथलेच घातले होते.

विजयसिंहांना हवं होतं 'बघतो'. त्या ऑफिसात सगळ्यात जास्त चालणारा शब्द तो. न्हाय म्हटलं की माणूस भांडतो, व्हय म्हटलं की काम करावं लागतं. बघतो म्हटलं की माणूस गुमान बाहेरच्या बाकावर जाऊन बसतो. नेसरीच्या बसव्वा तशाच बसल्या होत्या. त्यांच्या उसाला तुरा आला होता, वजन रोज घटत होतं, आणि मागून लावलेला संचालकांच्या भावकीतला ऊस केव्हाच तुटून गेला होता.

शिवलीलाला रागच आला. 'बघतो' आलं की नोंदवालं विचारायचं थांबणार, मग पुन्हा भिजत घोंगडं. हे मी घालणार नाही, तिनं तोंडावर सांगितलं.

विजयसिंहांनी आवाज चढवला नाही. काम दुसऱ्या कुणाला देऊ आणि तुमच्या कंपनीचं पाऊल ह्या आवारात परत पडणार नाही, हे त्यांनी हसत हसतच सांगितलं.

"चालंल की," शिवलीला म्हणाली. "पण आत्ता सांगा साहेब. मी केलंय ते ठेवताय? व्हय का न्हाय?"

"बघतो."

"ते ह्यात न्हाय."

आजूबाजूच्या टेबलांवरचं काम थांबलं. विजयसिंह खुर्चीतून उठले. "न्हाय ठेवत," ते ओरडले. "न्हाय म्हंजे न्हाय. झालं समाधान?"

झालं, म्हणून तिनं लॅपटॉप मिटला. हातचं काम गेलं होतं, तरी तिला बरं वाटत होतं. त्या ऑफिसात साहेबांच्या तोंडून हा शब्द आजवर कुणी ऐकला नव्हता.

बाहेर बाकावर तो ऐकू गेला होता. बसव्वा कुणी न बोलावता आत आल्या आणि थेट टेबलापुढं उभ्या राहिल्या. त्यांच्या मागं बाकीचेही उठून दारात आले.

"आता माजंबी सांगा, सायेब," बसव्वा म्हणाल्या. "आन् न्हाय म्हनायचं आसंल, तर कारन सांगा."