पोट बांधताना

ओव्याच्या धुरीनं बहिणीची खोली ढगात गेल्यासारखी वाटत होती. मालिश, अंघोळ होऊन बाळबाळंतीण निवांत झोपली होती.

"तेल उरलंय, पोरी. तूही पड," मालिशवाल्या गऊबाई म्हणाल्या.

दीड वर्षात मी साठ किलो वजन उतरवलं होतं. पोटाची लोंबणारी कातडी मात्र कुणालाच दाखवली नव्हती, आरशालाही नाही. गऊबाईंना डोळ्यांनी दिसत नव्हतं, म्हणूनच मी कुर्ता वर केला.

कोमट तेल पसरलं. बाळाच्या दुपट्याची घडी घालावी, तशी त्यांची बोटं एकेक वळी उचलून सारखी करत गेली. मी पाण्यावर तरंगल्यासारखी पडून राहिले.

"तूही बाळंतीणच की गं! आणि पोट कुणी बांधलं नाही तुझं?" जुन्या सुती लुगड्याची पट्टी त्यांनी माझ्या पोटावर घट्ट बांधली. "मुलगी की मुलगा?"

त्यांची चूक सांगायला मी तोंड उघडलं, पण त्या पट्टीत फार ऊब होती.

"मुलगी."

"कुणावर गेलीय?"

"अजून नीट पाहिलंच नाही तिला."

गऊबाईंचे हात थांबले. "मग इथं काय पडलीयस? जा, वाट बघत असेल ती."