शांत चंबू

शांत चंबूतलं मिश्रण निळसर दिसायला लागलं, तेव्हा ओडेटा प्रुइट स्टुलावरून उठली आणि तिनं दिवा जवळ ओढला. दोष दिव्याचा असावा, असं तिला फार वाटत होतं.

दिव्याचा नव्हता.

टेबलावर दोन चंबू. दोन्हींत एकच मिश्रण: तेल, पाणी आणि साबण, काचेसारखं नितळ. तेलाच्या रेणूंच्या साखळ्या जुळायला लागल्या की त्यावर निळसर झाक येते. एका चंबूत अल्ट्रासाऊंडची कांडी उतरलेली. दुसरा शांत, कांडीवाचून नुसताच थंड पाण्याच्या टोपात बसलेला. ध्वनी लावला की साखळ्या कितीतरी वेगानं जुळतात, हे डॉक्टर सेडलाक यांनी जगाला सांगितलं होतं. त्यांचं सगळं आयुष्य त्यावर उभं होतं, आणि येत्या गुरुवारी ओडेटाची पदवीही त्यावरच उभी राहायची होती.

"डॉक्टर, जरा इकडे या."

सेडलाक आले. अ‍ॅक्रन शहरातल्या बर्फातून आलेले, बूट अजून ओले. वाकून त्यांनी पाहिलं. ध्वनीचा चंबू निळा. शांतही निळा. सख्ख्या भावांसारखे.

"काय घातलंस गं यात? सकाळची उरलेली कॉफी?"

"काही नाही. फक्त आरगॉन वायू सोडला. ध्वनीच्या चंबूत आपण सोडतो तसाच, तितकाच वेळ."

"शांत चंबूत कशाला? आरगॉन असतो तो ध्वनीला जोर यावा म्हणून. जिथे ध्वनीच नाही, तिथे..."

ते थांबले. वाक्याचा शेवट त्यांना दिसला होता.

आरगॉनचे बुडबुडे वर जाताना पाण्यात मुरलेली हवाही घेऊन जातात. आणि हवेतला प्राणवायू साखळी जुळू देत नाही, हे तर ते पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवत. ध्वनीच्या चंबूतली हवा निघून जात होती, शांत चंबूतली तशीच राहत होती. इतकी वर्षं तो बिचारा मागे पडत होता, तो ध्वनीवाचून नव्हे. त्याचा गळा आवळलेला होता, आणि तो सोडवावा असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

"पुन्हा कर."

"हा तिसरा आहे, डॉक्टर." एरवी काम करताना चर्चमधली गाणी गुणगुणणाऱ्या ओडेटाचा आवाज कोरडा पडला होता. "पहिल्यांदा वाटलं, माझाच हात चुकला. दुसऱ्यांदा देवाची विनवणी केली. मग तुम्हाला हाक मारली."

सेडलाक यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे बघ पोरी, गुरुवारी परीक्षकांच्या समितीतलं कुणीही हे विचारणार नाही. सगळे माझ्याच वर्गात बसून गेलेत. तू हे पाहिलंच नाहीस. पदवी घे, आईला बोलाव, केक काप. माझं मी निस्तरीन."

"आईनं गुरुवारसाठी नवी हॅट घेतलीय," ओडेटा म्हणाली. "पहिल्या रांगेत बसणार आहे. ती विचारेल, लेकी, तू काय शोधलंस? काय सांगू तिला?"

सेडलाक यांनी टोपातून शांत चंबू उचलला आणि ते मोरीकडे निघाले.

"ओतू नका, डॉक्टर."

नळापाशी ते उभे राहिले. त्यांना ओतवेना, आणि परत ठेववेना. टोपातलं गार पाणी बोटांवरून ओघळून गेलं. मग तळहाताला ऊब लागली. साखळ्या जुळताना ती सुटतेच. कांडी बंद होती, खोलीत कसलाही आवाज नव्हता. आणि त्यांच्या हातात तो चंबू आपला आपण तापत चालला होता.