वरचं नाव

कार्डाने पैसे घ्यायची कुठली मशीन कोणत्या दुकानाखाली आणि ते दुकान कोणत्या कंपनीखाली, ही उतरंड संगणकात नीट लावून ठेवायचं तिचं काम. आज शेजारच्या टेबलावरची मैत्रीण तिच्या पडद्यात डोकावली.

"अगं, या कंपनीने तर कधीच गाशा गुंडाळला. तिला अजून डोक्यावर काय बसवून ठेवलंयस? पुसून टाक की."

"कंपनी गेली गं, पण तिच्याखालचं औषधांचं दुकान चालू आहे ना. वरचं नाव पुसलं, की खालची मशीन कुणाचीच राहत नाही. लगेच बंद पडते. राहू दे, नावापुरतं."

संध्याकाळी घरी आली, तर धाकटा भाऊ घटस्फोटाचे कागद घेऊन बसलेला.

"ताई, चार वर्षं झाली. भावोजींनी तिकडे दुसरा संसार थाटला, लेकरूही झालं. त्यांनी सही करून पाठवलीय. तूही कर आणि मोकळी हो बघू."

तिला राग आला नाही, रडूही आलं नाही. ते सगळं केव्हाच सरलं होतं. तिने कागदांची घडी घातली आणि पुन्हा त्याच्याच पिशवीत सरकवली.

"राहू दे रे. नावापुरतं."

"अगं, पण कशासाठी? त्या माणसाचं तुझ्याकडे आता उरलंय तरी काय?"



आतून सासूबाईंची हाक आली, "सूनबाई, भावाला जेवल्याशिवाय सोडू नकोस हं."