गार तेल

फेताउईने आपल्या बिनभिंतींच्या घराचे झावळ्यांचे पडदे खाली सोडले. भरदुपारी पडदे सोडले की सगळ्या गावाला कळतं, आत कुणाचं तरी पोट चोळलं जातंय. आज ते पोट लुपेचं होतं. आणि लुपे स्वतः या किनाऱ्यावर तीस वर्षं दुसऱ्यांची पोटं चोळत आली होती.

"आली का वाट चुकून?" फेताउई म्हणाली. "हो आडवी. का तुझ्याकडे उभ्यानेच चोळतात?"

लुपेने आणलेली पावाची पिशवी बाजूला ठेवली आणि ती मुकाट्याने चटईवर आडवी झाली.

दोघींचं सख्य विळ्याभोपळ्याचं. फेताउई पोट खालून वर चोळायची, लुपे दोन्ही कुशींकडून मध्ये. फेताउई तेल गार वापरायची, लुपे तापवून. एवढ्यावरून तीस वर्षं तोंड वाकडं. एकीकडून उठलेली बाई दुसरीकडे गेली की "कुणी गं बिघडवलं हे?" हा प्रश्न ठरलेला.

तीन आठवडे लुपेला अन्न जात नव्हतं. बेंबीच्या डाव्या अंगाला हाताला काहीतरी लागत होतं. तोआला सरकला असेल, असं ती स्वतःला सांगायची. पोटातला तो ठोका जागेवरून हलला की भूक मरते, माणूस वाळतं, आणि चांगल्या हाताने दोन-तीनदा चोळलं की तो गुमान जागेवर येतो. शेकडोंचा तिने आणला होता. स्वतःचा मात्र तिला कळेना. आपलाच हात आणि आपलंच पोट, दोघं संगनमत करून खोटं बोलतात.

मग जायचं कुणाकडे? पलीकडच्या गावचा इओआने मोडलेली हाडं बसवण्यात पटाईत, पण पोटाला तो नारळ खवायला घेतल्यासारखा भिडायचा. पादरीणबाई प्रार्थना पुटपुटत सुरेख चोळायची, पण तिच्याकडे गेलं तर रविवारच्या आत बातमी चर्चभर. आपिया शहरातल्या हॉटेलात लुपेची भाची पाहुण्यांच्या पाठीवर गरम दगड ठेवायची, त्याने झोप म्हणे छान लागते. लुपेला झोप नको होती. तिला खरं सांगणारा हात हवा होता. तो फेताउईचा होता, आणि हे लुपे मेली तरी बोलून दाखवणार नव्हती.

फेताउईने तळहातावर खोबरेल ओतलं आणि कामाला लागली.

"गार आहे गं तेल," लुपे कुरकुरली.

"मग? पोट चोळायचंय, तारोचा कंद नाही उकडायचा."

"म्हणूनच तुझी माणसं माझ्याकडे पळून येतात."

"येतात, आणि आठ दिवसांत परत इथेच. श्वास सोड, थेरडे. जीभ सोडतेस तसं पोटही सैल सोड."

लुपेला हसू आलं. बरं वाटलं. ही बया अशी बोलतेय म्हणजे काही नसणार.

"गावची एकूण एक लग्नं जेवलीस," फेताउई अंगठे वर सरकवत म्हणाली, "आता चार घास कमी गेले तर एवढी घाबरलीस?"

अंगठे डावीकडे आले आणि थांबले. पुढे गेले, परत आले. बोटांनी कडा चाचपली. मग ती बेंबीखाली ठोका शोधायला गेली. ठोका लगेच सापडला. फेताउईच्या बोटांखाली उडणारा तो ठोका लुपेलाही कळला. जिथे असायला हवा तिथेच होता. तोआला कुठेच सरकला नव्हता.

"काय गं?" लुपेने विचारलं.

 पुन्हा एकदा डावीकडे चाचपून फेताउईने हात काढून घेतला.

"तेल तापवून आणू का?" ती म्हणाली. "गार लागत होतं ना तुला."

फेताउई मागच्या चुलीकडे गेली. काटक्या मोडल्याचा आवाज आला, मग तव्याचा. लुपे छताकडे बघत पडून राहिली. तिला भीती वाटत होती, साधी, लहान पोराला वाटते तशी.

फेताउई वाटी घेऊन परत आली.

"उद्या सकाळच्या बोटीने आपियाला जाऊ. मोठ्या इस्पितळात. मी येते बरोबर."

"तू कशाला?"

"असंच." ती वाटीतलं तेल उगाच बोटाने ढवळत राहिली. "माझी धाकटी सून मागे तुझ्याकडे येऊन गेली होती. मीच पाठवलं होतं. तुझा हात चांगला आहे, लुपे."

लुपेने तिचं मनगट घट्ट धरलं.

"फेताउई, मला काहीतरी वाकडं बोल. नेहमीसारखं. एकदाच बोल."

फेताउई हळूच सरकून तिच्या पायांशी बसली, लुपेची पावलं मांडीवर घेतली आणि कोमट तेलाने चोळू लागली.

पायांना तर लुपेच्या काहीच झालेलं नव्हतं.