शिखराच्या आड

फोटोत झाड नव्हतं.

कुसुमबाईंनी पदरानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. भिंतभर कांचनजंगा, खाली उतरणीवरचा चहाचा मळा, डाव्या हाताला दिलमायाच्या घराच्या पत्र्याचा कोपरा. तो त्यांनी बरोबर ओळखला. मार्चमध्ये लेकाबरोबर आठ दिवस त्याच घरी पाहुण्या म्हणून राहिल्या होत्या. अजेय पहाटे कॅमेऱ्याची तिपाई उचलून डोंगरात जायचा आणि त्या दुखरे गुडघे घेऊन अंगणातल्या गुरांसाच्या, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्या, झाडाखाली बसायच्या. लाल फुलांनी नुसतं लगडलेलं. दिलमायाच्या सासऱ्यानं लावलेलं. निघताना तिनं वाळल्या पाकळ्यांची पुडी हातावर ठेवली होती. घशात माशाचा काटा अडकला तर या चावायच्या म्हणाली, कलकत्त्यात लागेल तुम्हाला.

आज एस्प्लनेडच्या या गॅलरीत लेकाच्या प्रदर्शनाच्या समईची पहिली वात कुसुमबाईंनीच लावायची होती. बालीगंजहून निघताना तसं चार बिऱ्हाडांना सांगूनच त्या टॅक्सीत बसल्या होत्या.

"अजेय, झाड पुसलंस होय रे कॉम्प्युटरवर?"

अजेय हसला. "पुसलं असतं तर बक्षीस मिळालं असतं का, आई?" त्यानं फोटोखालच्या पाटीवर बोट ठेवलं. कुसुमबाईंची इंग्रजीशी ओळख बसच्या नंबरापुरती, म्हणून त्यानंच वाचून दाखवलं. "यात काहीही पुसलेलं नाही, काहीही जोडलेलं नाही. स्पर्धेचा नियमच आहे. समोर असेल तेच दाखवायचं."

"मग झाड कुठं गेलं?"

त्यानं आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. "नेमकं शिखराच्या आड येत होतं. ऑक्टोबरात पाडून घेतलं."

"आणि तिनं पाडू दिलं?"

"म्हटलं, आतून पोखरलंय, एखाद्या वादळात छपरावर येईल. माणसंसुद्धा मीच आणली. उलट आभार मानत होती बिचारी. सगळ्यांना चहा केला तिनं."

"पोखरलं होतं?"

"एका झाडाचं काय घेऊन बसलीस? तिथं जंगलच आहे सगळं."

दुधाचा घोट घ्यावा आणि ते नासलेलं निघावं, तसं कुसुमबाईंचं तोंड झालं. थुंकावं म्हटलं तर खाली फरशी आरशासारखी. त्यांनी लेकाकडं पाहिलं. रेशमी कुर्ता, दाढी कोरलेली, अंगाला अत्तर.

"चोर निदान लपतो तरी," त्या म्हणाल्या. "तू पाटी लावलीस."

"हळू बोल. लोक आलेत."

गॅलरीतली मुलगी पेटती मेणबत्ती घेऊन आली. "माशिमा, आशून," या मावशी, म्हणत तिनं ती पुढं केली. पाहुण्यांनी समईभोवती कडं केलं, हातातले फोन वर झाले.

कुसुमबाईंनी मेणबत्तीला हात लावला नाही. कमरेची पिशवी सोडली, पुडी काढली, दोन पाकळ्या तोंडात टाकल्या आणि सावकाश चावू लागल्या. मुलगी गोंधळली. अजेयनं तिच्या हातातली मेणबत्ती घेतली आणि आईच्या कानाशी वाकला.

"आई, सगळे थांबलेत. काय झालं?"

"काटा अडकलाय."

"आत्ता? मासा कधी खाल्लास तू?"

"आठ दिवस तिच्या हातचं खाल्लंय."

मेण त्याच्या बोटांवर ओघळलं. कुसुमबाईंनी उघडी पुडी त्याच्यापुढं धरली.

"तूही खाल्लंयस. घे. जपून घे, आता झाड नाही."