परतीचा नंबर

नऊला दवाखाना उघडणार होता आणि नवी लॅब अजून त्याच्या नेटवर्कला जोडली जात नव्हती. नात लॅपटॉपसमोर नखं कुरतडत होती. तिची पहिलीच नोकरी.

“कुठं अडलंय?” मी तिसऱ्यांदा विचारलं.

“आजी, प्लीज! लॅबच्या नेटवर्कचा नंबर वीस. दवाखान्यात वीसवर कॅमेरे आहेत. म्हणून दोन्ही नेटवर्कं जोडणाऱ्या स्विचवर विसाचा एकशेवीस केलाय. तरी काही हलत नाही.”

मला बसवेना. मी ऑपरेटर होते, तेव्हा आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्येही दोन गावांत वीस नंबर होता. एकाला आम्ही एकशेवीस म्हणायचो.

“जाताना बदललास. परत येताना एकशेवीसचा वीस कोण करतंय?”

तिची बोटं थांबली, मग धावली. “लागली, आजी, लागली!” तिनं माझे गाल ओढले. “तुला कसं गं कळलं?”

“सुचलं असंच.”

बावन्न वर्षांपूर्वी, आईच्या फोनला उत्तर म्हणून, इस्पितळातून एका आजारी मुलाचा परतीचा कॉल आला होता. मी घाईत तो दुसऱ्याच गावच्या वीसला जोडला. तिथल्या बंद वखारीत घंटा वाजत राहिली. त्याची आई घरी फोनजवळच बसून होती. मला चूक कळली, तेव्हा पलीकडे बोलायला मुलगा उरला नव्हता.