अस्पर्श किनारा

“वळायचं नाही,” सिनेमावाल्यांचा दुभाषा झालेल्या आपेनिसाने पुन्हा बजावलं. “समुद्राकडे बघायचं, हसायचं आणि वाक्य म्हणायचं. मागे काय आहे ते तुला ठाऊकच नाही असं समज.”

मागे काय आहे ते उनाईसीला चांगलंच ठाऊक होतं. मागे तिच्या आईची कबर होती. कबर आणि समुद्र यांच्यामध्ये सकाळपर्यंत माती भरलेल्या जुन्या टायरांचा बांध होता. तो सिनेमावाल्यांनी उचलून शाळेमागे नेऊन टाकला होता. सिनेमातल्या बेटाला माणसाचा हात लागलेला नव्हता, तेव्हा टायर चालण्यासारखे नव्हतेच. कबरही माडाच्या झावळ्यांनी झाकून टाकली होती. काम संपलं की बांध होता तसा रचून देऊ, असं त्यांनी सांगितलं होतं. पण दुपारी संपायचं काम सूर्य कलला तरी संपेना, आणि आज पौर्णिमेची भरती होती.

उनाईसी घोटाभर पाण्यात उभी होती. अंगाला झाडाची साल गुंडाळलेली, केसांत शिंपले, चष्मा काढून घेतलेला. समोर तराफ्यावर कॅमेरा आणि दिग्दर्शक हॅलमसाहेब. माणूस वाईट नव्हता. पहिल्याच दिवशी त्यांनी अख्ख्या गावाला बसवून सांगितलं होतं की हा सिनेमा समुद्र वाचवण्यासाठी आहे, आणि जेवायला बांबूचे चमचे दिले होते. उनाईसीच्या वाट्याला आलेल्या बाईला नाव नव्हतं, नुसती ‘म्हातारी’. शहरातून आलेल्या नायिकेला ती एक वाक्य सांगते आणि फेस होऊन लाटेत मिसळते. तो फेस पुढे कॉम्प्युटर करणार होता. या म्हातारीचं घर कुठे, पोरंबाळं किती, असं उनाईसीने विचारलं तेव्हा हॅलमसाहेब गोड हसले. म्हातारी या सगळ्याच्या पलीकडची आहे, म्हणाले. आईची कबर वाहून जायला लागली तर म्हातारी काय करते, हे मग उनाईसीने विचारलंच नाही.

किनाऱ्यावर बदामाच्या झाडाखाली गावचा प्रमुख, रातू इनोके, चटईवर बसला होता. हा तिचा सख्खा भाऊ. मोठी झाल्यापासून दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेली नव्हती. वयात आलेल्या भावाबहिणीने बोलायचंच नसतं, अशी बेटावरची रीत. म्हणून मघाशी तिने आपेनिसाला पाठवलं होतं. तो तिचा आतेभाऊ. त्याच्याशी काहीही बोललेलं चालायचं, आणि तोही वाट्टेल ते बोलायचा. बांध परत घालू दे, एवढाच निरोप होता. आपेनिसा गेला तसा परत आला.

“दात घेतलाय म्हणतो,” त्याने सांगितलं.

दात म्हणजे देवमाशाचा. सिनेमा कंपनीच्या माणसांनी रीतसर मांडी घालून, दोन्ही हातांवर धरून तो रातूपुढे ठेवला होता. रीत शिकवली होती आपेनिसाने. काम संपेपर्यंत किनारा आम्हाला हवा तसा द्या, एवढंच मागणं होतं. रातूने भरल्या मनाने दात उचलला. हवा तसा म्हणजे कसा, हे विचारायचं राहून गेलं. आणि एकदा दात उचलला की मागणं मोडता येत नाही. त्याच्या बापजाद्यांपैकी कोणी मोडलं नव्हतं.

“कशाला शिकवलंस त्यांना?” उनाईसी म्हणाली.

“मला वाटलं, नाचगाणं मागतील.”

एरवी यावर त्याने चार टोमणे मारले असते. आज त्याने वाकून पाणी कुठवर आलंय ते बघितलं. पाणी तिच्या पिंढऱ्यांपर्यंत आलं होतं.

चित्रीकरणाचा भोंगा वाजला तसा आपेनिसा बाजूला झाला. नायिकेने ठरल्याप्रमाणे डोळे मोठे केले. तेवढ्यात मागे झावळ्या पाण्यात खरखरल्या आणि उनाईसीने वळू लागलेली मान पुन्हा समुद्राकडे केली. वाक्य तिला पाठ होतं. समुद्र आपली आई आहे, तिला जपा, ती तुम्हाला जपेल. ते म्हणायचं होतं तिच्याच भाषेत. पडद्यावर खाली अक्षरं येणार होती. तराफ्यावर ती भाषा कळणारं कोणी नव्हतं. किनाऱ्यावर सगळ्यांना कळत होती.

ती समुद्राकडे बघून हसली आणि मोठ्याने म्हणाली, “आई, तुझ्या पायाशी पाणी आलंय. तुझा मुलगा इथेच झाडाखाली बसलाय. मला त्याच्याशी बोलता येत नाही. तूच बोल त्याच्याशी.”

तराफ्यावरून हॅलमसाहेबांनी अंगठा उंचावला. कॅमेरा चालूच राहिला.

किनाऱ्यावर कुजबुज झाली आणि थांबली. मग पाण्यातून जड पावलं चालत गेल्याचा आवाज आला. ती चाल उनाईसीने झोपेतही ओळखली असती. वळायचं नाही हे विसरून ती वळली.

चष्म्याशिवाय धूसर दिसत होतं, पण दिसलं. रातू इनोके शाळेकडे गेला नव्हता. एकाही टायराला त्याने हात लावला नव्हता. जिथे बांध होता तिथे कबरीकडे पाठ करून तो पाण्यात मांडी घालून बसला होता. लाट त्याच्या पोटावर फुटत होती आणि दोन्ही बाजूंनी आत जात होती. कबर त्याच्या अंगापेक्षा लांब होती. त्याने हात पसरले, तरी पुरेनात. बहिणीकडे त्याने बघितलं नाही. उनाईसीला रडू आवरेना.

“हे कोणाला सुचलं?” हॅलमसाहेबांचा आवाज भरून आला होता. पाणी चढेपर्यंत घेत राहा, असं त्यांनी कॅमेरावाल्याला हळूच सांगितलं आणि आपेनिसाला खुणेने जवळ बोलावलं.

“त्यांना म्हणावं, असेच बसून राहा. फक्त हातातलं घड्याळ तेवढं काढायला सांग.”